पाच दिवसाआड

बिराजदार सर म्हणाले, पहाटे पाच.
पूर्वेकडं तोंड, पाठ ताठ, पोट रिकामं,
आणि एकही खाडा नको.
मी मान हलवली.
माझ्या घराच्या पूर्वेला गाजूलांचा कारखाना,
बारा माग, तीन पाळ्या.
मी मागांकडं तोंड करून बसले.

आत चार, बाहेर सहा.
बारा माग असले आकडे मानत नाहीत.
डावी नाकपुडी दाबा, उजवीनं घ्या, असं सर सांगायचे.
माझी उजवी वीस वर्षं टॉवेलांच्या रोंव्यानं बुजलेली;
ती हवा घेते ती उसनी,
परत द्यायचं नाव नाही.

कॅलेंडरवर, बसले त्या तारखेला
एक टिकली चिकटवायची असं ठरवलं होतं.
पहिल्या आठवड्यात सहा.
दुसऱ्यात चार.
मग रात्री अडीचला पाणी आलं, पहाटेपर्यंत भरत राहिले,
मग दीराच्या पोरीचा ताप,
मग शाळांच्या गणवेशाची घाई, तीनशे बाह्या.
तिसऱ्या आठवड्यात एकच टिकली, तीही सुटून पडली.
उचलून कपाळाला लावली
आणि कॅलेंडर भिंतीकडं तोंड करून टांगलं.

खरं तर मला डझनामागं पैसे मिळतात,
श्वासामागं कुणी देत नाही, कुणी कापतही नाही.
तरी सर दिसले की कन्ना चौकात मी रस्ता बदलायचे,
वाण्याची उधारी थकल्यासारखी.
घरात डोळे मिटायलाही भीती वाटे,
मिटले की आत कुणीतरी हजेरी घ्यायचं.

वैशाखात पाणी पाच दिवसाआडचं आठवर गेलं.
आम्ही महापालिकेला शिव्या दिल्या,
चावीवाल्याला मराठीत, तेलुगूत, कानडीत दिल्या.
आठव्या रात्री नळ नुसता फुसफुसला.
हवा.
तेवढ्यानं अख्खी गल्ली उठून बसली.
यल्लूबाई हंड्यावर हात ठेवून म्हणाली,
"श्वास घ्यायला लागलाय मेला. येईल आता."

आलं. आधी तांबडं, मग गढूळ, मग पाण्यासारखं.
आणि कुणीही नळाला विचारलं नाही,
इतके दिवस कुठं होतास.
भांडं खाली सरकवलं, झालं.

घागर भरेस्तोवर बाईला उभं राहण्याशिवाय काम नसतं.
घागरीचा आवाज तळाशी जाड,
गळ्याशी येता येता बारीक.
मी ऐकत होते, कमरेवर हात ठेवून,
आणि हाताखाली पोट वर येत होतं, खाली जात होतं.
किती दिवस मी त्याच्याकडं पाहिलं नव्हतं.
त्यानं एकही दिवस खाडा केला नव्हता,
आणि तोंडही वाकडं केलं नव्हतं.

आता पहिली घागर माझी.
ती भरेपर्यंत बघते, दुसरीला विसरते.
कधी मशीनवर दोरा तुटतो,
थुंकी लावून सुईत ओवेपर्यंत एक लांब श्वास,
तोही आठवला तर.
परवा दुपारी वीज गेली, गाजूलांचे माग थांबले,
एवढी शांतता की कानात दुखलं.
म्हटलं बसावं. बसले.
बसल्या बसल्या झोपले.
उठले तेव्हा गालावर टॉवेलाची वेलबुट्टी उमटली होती.
छान झोप लागली होती.

काल मंगळवारच्या बाजारात सर समोरच आले.
दोन्ही हातांत पिशव्या, पळायला जागा नाही.
"चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.
"हाय की," मी म्हणाले, "पाच दिवसाआड."
सरांनी जरा वेळ कोथिंबिरीकडं पाहिलं.
मग हळूच म्हणाले, "आमच्याकडंही तसंच."

पाण्याबद्दल म्हणाले असतील.
मी विचारलं नाही.